नुरा कुस्तीच्या मालकांस

रा. रा. डब्ल्यूडब्ल्यूई कंपनी, मु. पो. स्टॅमफर्ड, अमेरिका, यांस नांदेडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या बिस्किटाच्या डब्यात आपली ट्रम्प कार्डं सापडली. अंडरटेकरच्या कार्डाचा कोपरा मीच चावलेला आहे. त्याच्या उंचीवर मी गल्लीतल्या पोरांची निम्मी गड्डी जिंकायचो. २००२ साली पांडावाल्या निसर्गसंस्थेपुढं हार खाऊन आपण नाव बदललंत, पण आमच्याकडं अजून डब्ल्यूडब्ल्यूएफच म्हणतात. राग नसावा.

आधी आभार. २००७ साली भारताचा खली तुमचा चॅम्पियन झाला तेव्हा नोकरीला लागलेला असूनही मी फटाके उडवले. त्याचं हिमाचलातलं गाव नकाशात नंतर शोधलं.

माझे आजोबा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला कुस्त्यांचा फड कधी चुकवत नसत. त्यांना एकदा कौतुकानं तुमचा सामना दाखवला. दोन मिनिटं बघून म्हणाले, "नुरा हाय की रं ही!" नुरा म्हणजे आधीच ठरवून खेळलेली कुस्ती. फडात दोघं नुसते हात अडकवून घुटमळायला लागले की पब्लिक बोंब मारतं आणि पंच त्यांना उठवतात. मी तीन दिवस म्हाताऱ्याशी बोललो नाही.

नुरा आहे, हे मला आठवीतच कळलं होतं, आणि माझी तक्रार ती नाहीच. वगात राजा मेला म्हणून कुणी पोलिसांत जात नाही. २०१४ ला लेस्नरनं अंडरटेकरची रेसलमेनियातली एकवीस विजयांची माळ तोडली. कुणीतरी कागदावर लिहिलं म्हणूनच तोडली, तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्याची मला लाज वाटत नाही.

लाज वाटते ती वेगळ्या गोष्टीची. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत तुमचा पैलवान ओवेन हार्ट छतावरून खाली सोडताना रिंगणात पडून गेला. तुम्ही पुढचे सामने चालूच ठेवलेत. अकरावीला लातूरला खोली करून राहत होतो तेव्हा एकानं हा विषय काढला, तर मी तुमची वकिली केली. म्हणालो, "लोकांनी तिकिटं काढली होती ना!" तुमचे पैलवान कागदोपत्री तुमचे नोकर नाहीत, कंत्राटदार आहेत. त्यावरही माझं उत्तर तयार: "सही करताना कळत नव्हतं का?" माझा सख्खा भाऊ तेव्हा एमआयडीसीत कंत्राटावर होता, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० ला एडिंबरातून राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं. अशा पैलवानासाठी माणूस गळा फाडून ओरडतो, खिशातली दहाची नोट त्याच्या हातावर ठेवतो. पण यात्रा कमिटीसाठी भांडणारा मी अजून पाहिलेला नाही. कमिटीला बक्षीस कमी पडल्यावर शिव्याच पडतात. मी मात्र वीस वर्षं तुमच्या कमिटीचा बिनपगारी माणूस होतो.

तेव्हा विनंती एवढीच. सामने बघेन, शिट्ट्याही मारेन. पण तुमचा धंदा किती वाढला आणि समोरच्या कंपनीचे प्रेक्षक किती घटले, हे मला कळवत जाऊ नका.

कार्डं पोराला दिली. गड्डीत ओवेन हार्टही निघाला. पोरानं विचारलं, "हा आता कुठल्या कंपनीत आहे?" मग त्याला बसवून सगळं सांगितलं.

कळावे, लोभ असावा.

आपल्या पैलवानांचा,
एक प्रेक्षक, नांदेड