पाऊल कुठे ठेवावे?

शिरूर अनंतपाळच्या माणसाला रानवाट निवडायची तर पर्याय थोडेच: दूरचे किनवटचे सागवान, नाहीतर शेजारच्या चाकूर तालुक्यातले वडवळ नागनाथचे बेट. हे बेट पाण्यातले नव्हे. औषधी वनस्पतींसाठी ख्यात असलेली ती टेकडी. मला मात्र ओढ कॅलिफोर्नियातील रेडवूडच्या अरण्याची. तिथल्या हायपेरिऑन या सुमारे ११५ मीटर उंच वृक्षाभोवतीचा परिसर २०२२ मध्ये बंद करावा लागला, हे वाचले आणि थबकलो. पाहायला येणाऱ्यांच्या पायांखाली तळचे नेचे नाहीसे झाले होते.

पावसाळ्यात बेटावर गेलो. घोट्याएवढ्या वनस्पती, एकीचेही नाव मला सांगता येईना. माथा गाठण्याच्या घाईत पूर्वी ह्याच कितीदा तुडवल्या असतील! आता पायवाट सोडत नाही.