सापेलो बेटावर बिलालींचा माग

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर मेरिडियन नावाचे लहानसे गाव आहे. तिथून फेरीबोटीने आम्ही सापेलो बेटाकडे निघालो. बेटाला पूल नाही, येणेजाणे बोटीनेच. दोन्ही बाजूंना खाऱ्या पाण्यात उभे असलेले उंच गवत आणि चिखलाचा वास. आम्ही आलो होतो ते एका बुजुर्गांचा माग काढायला. त्यांचे नाव बिलाली मुहम्मद.

बिलाली पश्चिम आफ्रिकेतील फुता जालोन मुलखातल्या तिंबोचे. हा भाग आज गिनी देशात येतो. त्यांना पकडून गुलाम म्हणून विकण्यात आले. आधी बहामा बेटे आणि मग १८०२ च्या सुमारास सापेलो. इथला मालक थॉमस स्पाल्डिंग कापूस आणि ऊस पिकवी. त्याने मळ्याचा कारभार बिलालींच्या हाती दिला. १८१२ साली इंग्लंडशी युद्ध सुरू झाले, तेव्हा बेटाच्या रक्षणासाठी ऐंशी बंदुका बिलालींकडे सोपवल्या गेल्या. यात एक बोचणारे सत्यही आहे. ते स्वतः गुलाम होते आणि शेकडो गुलामांकडून काम करून घेण्याची जबाबदारी त्यांच्यावरच होती. माग काढायला निघालेल्याने हेही पाहिले पाहिजे.

गुलामांच्या वंशजांना आपले पूर्वज शोधणे किती कठीण असते, हे इथे येण्यापूर्वी आम्हाला ठाऊक नव्हते. १८५० आणि १८६० च्या सरकारी गुलाम-नोंदींत मालकाचे नाव असते. त्याखाली गुलामांचे फक्त वय, लिंग आणि रंग. गुलामी संपल्यानंतर १८७० ची जनगणना झाली, तेव्हा कुठे ही लाखो माणसे नावानिशी कागदावर आली. त्याआधीचे शोधायला गेले की समोर जणू भिंतच उभी राहते.

बिलालींच्या घराण्याने ही भिंत दोन गोष्टींच्या बळावर ओलांडली. पहिली आठवण. १९३० च्या दशकात सरकारी लेखक-प्रकल्पाची माणसे या बेटावर येऊन वृद्धांच्या आठवणी टिपून गेली. त्यांत केटी ब्राऊन होत्या, बिलालींच्या पणती. बिलाली आणि त्यांच्या पत्नी फीबी सूर्योदयाला, दुपारी आणि सूर्यास्ताला तसबीह घेऊन इबादत करत, हे त्यांनी सांगितले. बिलालींच्या मुलींची नावेही त्यांना पाठ होती. त्यांत फातिमा होती, मदिना होती, बिंतू होती. त्यांची आजी मार्गरेट ही याच मुलींपैकी एक. ती वर्षातून एकदा तांदूळ रात्रभर भिजवून सकाळी उखळात कुटायची, त्यात मध किंवा साखर घालून चपट्या वड्या थापायची आणि मुलांना बोलावून वाटायची. त्या वड्यांना म्हणत 'सराका'. हा शब्द कानावर पडताच आम्ही एकमेकांकडे पाहिले. सदका! कलमा विसरला, भाषा गेली, घराणे बाप्टिस्ट झाले. पण पोरांच्या हातावर ठेवलेल्या गोड घासाबरोबर तो शब्द टिकून राहिला.

दुसरी गोष्ट कागद. बिलालींनी अरबी लिपीत लिहिलेली तेरा पाने आज अथेन्स शहरात जॉर्जिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेली आहेत. कित्येक वर्षे लोक त्यांना मळ्याची रोजनिशी समजत. जोसेफ ग्रीनबर्ग या अभ्यासकाने त्यांची छायाप्रत नायजेरियातील कानो शहरातल्या आलिमांना दाखवली, तेव्हा उलगडा झाला. दहाव्या शतकातील इब्ने अबी ज़ैद अल-कैरवानी यांच्या 'रिसाला' या मालिकी फिकहच्या ग्रंथातला तो मजकूर होता. त्यात वजूचे आणि अजानचे मसले होते. जवळ किताब नाही, उस्ताद नाही. लहानपणी मदरशात शिकलेले आठवेल तसे लिहिलेले; म्हणूनच त्यात चुका आहेत, काही वाक्ये पुन्हा पुन्हा आली आहेत. समुद्रापार, मालकाच्या मळ्यात, एका माणसाने आपला सबक विसरू नये म्हणून केलेली ती धडपड होती.

बेटावर हॉग हॅमक ही आता एकच वस्ती उरली आहे. शिंपले जाळून केलेला चुना, शिंपल्यांचे तुकडे आणि वाळू यांच्या जुन्या भिंती अजून दिसतात. बिलालींच्याच वंशातल्या कॉर्नेलिया वॉकर बेली यांनी २००० साली बेटाच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. पूर्वेकडे तोंड करून दुआ मागायची, हे त्यांना घरच्या मोठ्यांनीच शिकवले होते. २०१७ साली त्या वारल्या. आता जमिनींचे भाव चढले आहेत आणि बाहेरचे लोक सुटीसाठी घरे बांधत आहेत. २०२३ साली काउंटीने वस्तीतल्या घरांच्या आकाराची मर्यादा चौदाशे चौरस फुटांवरून तीन हजारांवर नेली, तेव्हा मोठ्या घरांबरोबर कर वाढतील आणि आपल्याला जमीन सोडावी लागेल, या भीतीने जुने रहिवासी अस्वस्थ झाले. जमीन गेली की माणसे पांगतात, आणि माणसे पांगली की सांगणारे कोणी उरत नाही.

परतीच्या बोटीत आम्ही गप्पच होतो. येताना मनात होते की 'आपले' बिलाली पाहायला चाललो आहोत. जाताना कळले की ते आधी या बेटाचे आहेत, केटी ब्राऊन यांचे आहेत. आम्ही फक्त त्यांचा एक शब्द ओळखू शकलो.

मग आमच्यातल्या एकाने विचारले, आपल्या पणजीचे नाव कोणाला माहीत आहे? कोणालाच सांगता आले नाही. आपल्याला कोणी विकले नव्हते, आपली नावे कोणी पुसली नव्हती. आपण विचारलेच नाही, इतकेच. घरी पोहोचताच पहिला फोन आजीला केला आणि वही उघडली.