हिराइसांची रिवायत

मागच्या वर्षी इतिहासाचे सर रजेवर गेले आणि सहावीचा तास माझ्याकडे आला. मी भाषेची बाई, उर्दू आणि मराठी शिकवणारी. इतिहास शिकवायचा म्हणजे पुस्तक उघडून मुलांच्या सोबतीनं वाचायचं, एवढीच माझी तयारी. धडा मौर्यांचा होता. चंद्रगुप्ताच्या दरबारात आलेला ग्रीक वकील मेगॅस्थिनीस आणि त्यानं लिहिलेला 'इंडिका' हा ग्रंथ, असं वाक्य आलं. एका मुलीनं हात वर केला.

"मॅडम, ते पुस्तक आपल्या कपाटात आहे का?"

आमच्या शाळेत लायब्ररी म्हणजे एक कपाट. मी म्हटलं, बेटा, ते पुस्तक जगातल्या कुठल्याच कपाटात नाही. हरवलं.

"मग त्यात काय लिहिलं होतं, ते यांना कसं माहीत?"

बीएडला आम्हाला पाठाचे टप्पे शिकवले, उद्दिष्टं लिहायला लावली. पण असा प्रश्न आला की काय करायचं, ते काही शिकवलं नव्हतं. "उद्या सांगते" म्हणून मी वेळ मारून नेली आणि रात्री वाचत बसले.

मेगॅस्थिनीसचं पुस्तक गेलं, पण ते वाचलेली माणसं लिहीत राहिली. डायोडोरस, स्ट्रॅबो, प्लिनी, एरियन. प्रत्येकानं आपल्या ग्रंथात त्याचं काही ना काही उचललं. स्ट्रॅबो तर त्याच्यावर चिडलेला. हिंदुस्थानाबद्दल लिहिणारे बहुतेक खोटारडे, असं म्हणून त्यानं मेगॅस्थिनीसला त्या यादीत वरच्या जागी बसवलं. पण खोटं काय सांगितलं ते दाखवायचं, तर आधी ते लिहावंच लागतं! कान पांघरून झोपणारी माणसं, तोंड नसलेली माणसं, सगळं त्यानं नोंदवलं. १८४६ मध्ये श्वानबेक या जर्मन पंडितानं असे विखुरलेले तुकडे एकत्र केले. १८७७ मध्ये मॅक्रिंडल यांनी त्यांचं इंग्रजी केलं. आपली पाठ्यपुस्तकं ज्याला 'इंडिका' म्हणतात, ती ही गोधडी. आणि त्यात मेगॅस्थिनीसचे शब्द कुठे संपतात आणि उतरवून घेणाऱ्याचे कुठे सुरू होतात, हे दर वेळी सांगता येतंच असं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांना हे सांगितलं. पण सांगताना माझं मन ग्रीसमध्ये नव्हतं. ते पंचवीसएक वर्षं मागे, बीएच्या वर्गात जाऊन बसलं होतं.

मराठी वाङ्मयाच्या त्या वर्गात मी एकटीच मुसलमान. 'लीळाचरित्र' सुरू होतं. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ, म्हाइंभटांनी लिहिलेला. शिकवणाऱ्यांनी सहज सांगितलं, "मूळ पोथी मुसलमानांच्या धाडीत नष्ट झाली." आणि दोन-तीन बाकांवरून माना माझ्याकडे वळल्या. कोणी काही बोललं नाही. वाईट हेतूही नसावा. पण मी वहीत डोकं घातलं, जणू पोथी माझ्याच दप्तरात होती. त्या दिवशी पुढे काय शिकवलं, ते आजही आठवत नाही. नंतर कळलं की खरी गोष्ट तिथून पुढेच सुरू होते.

ती गोष्ट आपल्या विदर्भातली आहे. अमरावतीहून मोर्शीच्या बाजूला गेलं की रिद्धपूर लागतं. श्रीचक्रधर स्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. ते बोलले, आणि सोबतच्यांनी ऐकलं. ते निघून गेल्यावर त्यांचे शिष्य रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. नागदेवाचार्य मनातल्या मनात स्वामींच्या लीळा आठवत बसत, ते म्हाइंभटांनी पाहिलं आणि हे लिहून ठेवू या म्हणून विचारलं, असं परंपरा सांगते. मग म्हाइंभट ज्यानं ज्यानं पाहिलं-ऐकलं त्याच्याकडे गेले, विचारलं, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. काळ साधारण १२७८ चा. रिद्धपुरात वाजेश्वरी नावाचं स्थान आहे, तिथे बसून हे लेखन झालं, असं सांगतात.

हे वाचताना कोणत्याही मुसलमान घरातल्या मुलीला आपले मुहद्दिसीन आठवतील. एका हदीससाठी शहरामागून शहरं पालथी घालणारे इमाम बुखारी आठवतील. 'तुला हे कोणी सांगितलं? त्याला कोणी सांगितलं?' हा प्रश्न म्हणजे आपली सनद. मी श्रद्धेची तुलना करत नाही, त्याची कोणी गरज नाही. मी म्हणते ते पद्धतीबद्दल. ऐकलेलं जपायचं असेल तर प्रामाणिक माणूस काय करतो, ते तेराव्या शतकातल्या एका मराठी लेखकाला स्वतःहून सुचलं होतं.

पुढे ती धाड आली. महानुभाव परंपरेत तिला 'खालशाची धाड' म्हणतात. चौदाव्या शतकाची सुरुवात, दिल्लीच्या सुलतानाच्या फौजा देवगिरीवर येत होत्या, आणि त्या धामधुमीत मूळ पोथी गेली. पंथाच्या लोकांनी मग काय केलं? ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांना शोधलं. हिराइसा नावाच्या बाईंना त्या मुखोद्गत होत्या. त्यांच्या आठवणीतून एक पाठ उभा राहिला. परशरामबास, रामेश्वरबास यांचे पाठ झाले. आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की त्यांनी हे पाठ एकमेकांत कालवून गुळगुळीत केले नाहीत. एकाला एक आठवतं, दुसऱ्याला दुसरं, तर तसं लिहून ठेवलं. अशा पाठभेदाला पोथ्यांमध्ये 'वासना' म्हणतात, आणि मागून शोधून घातलेल्या भराला 'शोधु'. हिराइसांचं म्हणणं हिराइसांच्या नावावर राहिलं.

यात एक जुना हिशेबही चुकता झाला, असं मला वाटतं. केसोबास हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी नागदेवाचार्यांना संस्कृतात काही विचारलं, तेव्हा त्यांनी अडवलं. संस्कृतात बोलाल तर माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील, अशा अर्थाचं ते बोलले. मग केसोबासांनी मराठीतच काम केलं. लीळांमधून स्वामींची वचनं वेगळी काढून 'सूत्रपाठ' केला, 'दृष्टांतपाठ' केला. (दृष्टांत ११४ आहेत. आकडा पाहून मी हसले. योगायोगापलीकडे त्यात काही शोधू नका.) बायकांना कळावं म्हणून जी भाषा धरली, त्या भाषेतला ग्रंथ गेला तेव्हा एका बाईच्या आठवणीनंच तो परत आणला.

आपल्याकडेही हे घडलंय. इब्ने इसहाक यांची सीरत मूळ रूपात पूर्ण उरली नाही. आपण वाचतो ती इब्ने हिशाम यांच्या हातून आलेली, आणि आपण काही गाळलंय हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. उलट उदाहरणही आहे. हजरत अबू हुरैरांचे शागीर्द हम्माम बिन मुनब्बिह यांचा सहीफा. त्यातल्या हदीस पुढच्या मोठ्या संग्रहांत आल्या होत्या, पण जुनं पुस्तक कोणी पाहिलं नव्हतं. आपल्या शेजारच्या हैदराबादचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांना त्याची हस्तलिखितं बर्लिन आणि दमास्कसला मिळाली. १९५३ मध्ये त्यांनी ती छापली. मुसनद अहमदमधल्या मजकुराशी ताडून पाहिलं, तर शेकडो वर्षांच्या प्रवासानंतरही मजकूर जुळला. लीळाचरित्राची मूळ पोथी मात्र अजून कुठल्या शहरात सापडलेली नाही. विदर्भातलेच वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून १९७८ मध्ये मोठी आवृत्ती काढली. त्याआधी ह. ना. नेने यांनी नागपुरातून काम केलं होतं. पण हे सगळं त्या आठवणीच्या पाठांवरच उभं आहे.

आता मी वर्गात सांगते तेव्हा धाड लपवत नाही. फौज दिल्लीच्या सुलतानाची होती आणि सुलतान मुसलमान होता, हे सांगते. ते टाळून शिकवणं म्हणजे माझ्या भेदरलेल्या वीस वर्षांच्या मुलीला पुन्हा बाकाखाली लपवणं. पण मी तिथे वाक्य संपवत नाही. माझ्या वर्गातली मुलं मुसलमान आहेत, त्यांनी मान खाली घालावी असं यात काही नाही. ती पोथी त्यांची आहे, कारण ती त्यांच्या भाषेची आहे. हरवली तर त्यांचीही हरवली आणि वाचली तर त्यांचीही वाचली. दोन वर्षांपूर्वी मी रिद्धपूरला गेले होते. वाजेश्वरीजवळ एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "कोन्या गावच्या?" मी म्हटलं, यवतमाळ. नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "बसा मंग, ऊन लय आहे." २०२४ मध्ये तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, ही बातमी वाचली तेव्हा मला आधी त्या बाई आठवल्या.

आणि अब्बांची वही आठवली.

अब्बा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होते. दिग्रस, दारव्हा, उमरखेड अशा बदल्या होत गेल्या. जिथे जात तिथल्या शेतकऱ्यांचं, वेचणीच्या बायांचं बोलणं ते वहीत टिपून ठेवत. बोली वऱ्हाडी, लिपी उर्दू, कारण हात त्याच लिपीत पळायचा. उर्दूत 'ळ' नाही. त्यासाठी लामवर त्यांनी स्वतःची एक खूण शोधून काढली होती. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती उलगडेपर्यंत बाहेरच्यांना त्या वाचताच आल्या नाहीत. अब्बांच्या वहीचं तसंच. उर्दूवाल्यांना शब्द कळायचे नाहीत, मराठीवाल्यांना अक्षर.

अब्बांच्या इंतकालानंतर ती वही भिंतीतल्या कपाटात राहिली. एका पावसाळ्यानंतर उघडलं तर पुठ्ठा शाबूत आणि आत वाळवीची माती. दोष कोणाला द्यायचा? किल्ली माझ्याकडेच होती.

मागच्या रमजानमध्ये मी फुप्पीजवळ वही-पेन घेऊन बसले. त्या आता ऐंशीला टेकल्या आहेत. अब्बा संध्याकाळी त्यांना वही वाचून दाखवायचे. त्यांना बरंच आठवतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दिग्रसच्या बाजूचा एक शेतकरी अब्बांना म्हणाला होता, उलंगवाडी झाली तरी चार बोंडं झाडाले राहू द्यावी, सरवा वेचणाऱ्या बायकांसाठी. चाचांना फोन लावून विचारलं. ते म्हणाले, दिग्रस नाही, दारव्हा. आणि बायकांसाठी नाही, पाखरांसाठी. घरट्यात कापूस लागतो म्हणून. फुप्पी फोनवरच भांडल्या. "पाखरांचं कुठून आणलंस? मी समोर बसलेली होते."

मी दोन्ही लिहून घेतलं. एकावर 'फुप्पीची रिवायत', दुसऱ्यावर 'चाचांची रिवायत'. फुप्पींनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "त्याचं खाली लिही."