वरचा रस्ता, खालचा रस्ता

साताऱ्याच्या जुन्या माणसाला 'राजपथ कुठला हो?' म्हणून विचारले, की हा पाहुणा परगावचा, एवढे त्याला कळते. त्याच्या लेखी तो 'वरचा रस्ता'. त्याच्या उताराच्या अंगाने जातो तो 'खालचा'. दोन्ही पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाणारे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात दिशा दोनच, वर आणि खाली. पूर्व-पश्चिम मी शाळेत शिकलो, घरी कुणी वापरल्याचे आठवत नाही.

पाट्यांवर पुढे वरचा राजपथ झाला, खालचा कर्मवीर पथ. या वाटणीची मला मोठी गंमत वाटते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांना खालचा रस्ता, आणि राजाला वरचा! भाऊरावांनी त्याबद्दल तक्रार केली नसती म्हणा.

पण राजा कोणता, ते नाव सांगत नाही. माझ्या डोळ्यांपुढे येतात प्रतापसिंह महाराज. साताऱ्यात त्यांनी रुंद रस्ते केले, पाण्याची सोय केली. १८३९ साली कंपनी सरकारने त्यांना गादीवरून काढून काशीस धाडले. १८४७ साली तिथेच त्यांचा अंत झाला. मोती चौकात कंदी पेढे घेताना हे कुणाला आठवावे?

आमचे घर खालच्या रस्त्याच्याही खाली. नळाची वाट पाहताना आई म्हणे, "वरच्या रस्त्याचं भरून झालं, की मग आपलं." कमानी हौदावरून जाताना मला अजून ते वाक्य ऐकू येते.

माहुलीला वेण्णेची भेट घेऊन कृष्णा पुढे सांगलीला जाते. नोकरीच्या निमित्ताने मीही गेलो. तिथले गाव सपाट. रस्त्यांची नावे देवांची, नाहीतर माणसांची. एक मारुती रोड, दुसरा हरभट रोड. ज्या पटवर्धनांनी १८०१ साली मिरजेहून वेगळे होऊन सांगलीचे संस्थान मांडले, त्यांचे मूळ पुरुष हे हरभट. मी हे सारे आईला हौसेने सांगितले. ती पहिल्यांदा आली तेव्हा बाजारातून हिंडून दमली आणि म्हणाली, "सगळं खरं, पण यातला वरचा रस्ता कुठला?" मी हसलो. सांगलीत कुठला आलाय वरचा रस्ता!

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर चढली. धोक्याची खूण पंचेचाळीस फुटांची. मारुती रोडवर, हरभट रोडवर होड्या फिरू लागल्या. माणसे गाठोडी घेऊन विश्रामबागेकडे निघाली, आणि जो तो दुसऱ्याला एकच विचारू लागला, "तुम्ही वर आहात की खाली?"

रात्री आईचा साताऱ्याहून फोन आला. मी म्हटले, "हरभट रोडला पाणी आहे."

"नाव नको सांगूस," ती म्हणाली. "तू वर आहेस ना?"