गुहागरची वाडी

दिवाळीनंतर गुहागरला जाण्याचा योग आला. समुद्राला समांतर लांबलचक रस्ता, दोन्ही अंगांना घरे. पश्चिमेकडच्या घरांमागची नारळी-पोफळीची वाडी थेट किनाऱ्याला भिडते. ज्यांच्याकडे उतरलो, त्यांनी माडांच्या सावलीत जायफळ लावले आहे, पोफळीवर मिरीवेल चढवले आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुरस्कारलेली ही ‘लाखी बाग’. आळ्यांत ठिबकच्या नळ्या आल्या. न्हाणीचे पाणी मात्र पूर्वीसारखेच केळी-अळवाकडे जाते. ही सांगड मला फार आवडली.

पुढच्या अंगणात मात्र थबकलो. तुळशीवृंदावनाभोवती सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवायचे घाटत होते. सूनबाई म्हणाल्या, “रोज सारवायचे कोणी?” खरेच आहे, सारवणारे हात त्यांचेच! पण किनाऱ्यालगत वाळूत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. रहाट ते हळूहळू उपसायचा. पंप भराभर ओढतो, आणि खालचे खारे वर येते. त्यात पावसाचे पाणी मुरणेही बंद करायचे?

बोलता बोलता ठरले. पायवाटेपुरते जांभ्याचे चिरे, तेही सांधे न भरता. बाकी अंगण मातीचेच. तुळशीपुढचा हातभर चौकोन आजी सारवणार आहेत.