थंड आणि कोरड्या जागी

नेलपॉलिशच्या खोक्यावर बहुतेक वेळा एक सूचना छापलेली असते : थंड आणि कोरड्या जागी, उन्हापासून दूर ठेवा. ही सूचना लिहिणाऱ्याने मे महिन्यातलं परभणी पाहिलेलं नसावं. तेव्हा आमच्याकडे पारा ४२-४४च्या घरात असतो. घरात जी जागा थंड असते ती ओली असते. माठाशेजारची, कूलरसमोरची, मोरीजवळची. आणि जी कोरडी असते ती तापलेली असते. थंड आणि कोरडी अशी एकच जागा मला गावात माहीत आहे, ती म्हणजे बँकेचं एटीएम. तिथे खोकी ठेवू देत नाहीत.

आम्हाला हा प्रश्न दरवर्षी पडतो, कारण माझ्या आईचं सेलूत कटलरीचं दुकान आहे. कटलरी म्हणजे काटे-चमचे नव्हेत. बांगड्या, टिकल्या, पिना, रबरबँड, मेंदीचे कोन, पावडर आणि नेलपॉलिश जिथे मिळतं, त्या दुकानाला आमच्या भागात कटलरी म्हणतात. पुण्यात नोकरीला लागल्यावर हे मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगावं लागलं होतं. दुकान दहा बाय बारा, वर पत्रे. पप्पा होते तेव्हा देवगिरी एक्सप्रेसने हैदराबादला जाऊन बेगम बाजारातून माल आणायचे. आता माल ट्रान्सपोर्टने येतो आणि दुकान आई एकटी बघते.

नेलपॉलिशची खरी अडचण अशी की ते सगळ्यात जास्त खपतं लगीनसराईत आणि सगळ्यात जास्त खराब होतंही लगीनसराईतच. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल भरायचा आणि एप्रिल-मेच्या उन्हात तो पत्र्याखाली जगवायचा. बांगडीचं तसं नाही. आई म्हणते, “बांगडी उन्हानं मरत नाही गं. ही मरती.”

ती मरते म्हणजे काय होतं, हे मला इंजिनिअरिंगनंतर कळलं, तेही अभ्यासक्रमात नव्हतं म्हणून आपणहून वाचल्यावर. बाटलीतला मुख्य पदार्थ नायट्रोसेल्युलोज. तोच सुकून नखावर पापुद्रा धरतो. त्याला पातळ ठेवायला एथिल ॲसिटेट आणि ब्यूटिल ॲसिटेट ही द्रावणं असतात. एथिल ॲसिटेट ७७ अंशांना उकळतं, ब्यूटिल १२६ला. त्यामुळे उडून जायची घाई पहिल्याला जास्त. बाटलीच्या गळ्याशी रंगाचा कडा साचला की झाकण नीट बसत नाही, आणि त्या केसाएवढ्या फटीतून ते रोज थोडं थोडं निघून जातं. बाटली जितकी अर्धी होते तितकी आत हवा जास्त, म्हणून शेवटचा पाव भाग नेहमी लवकर आटतो.

तेव्हा नेलपॉलिश टिकवायचं असेल तर फ्रीजच्या आधी गळ्याकडे बघा. लावून झालं की कापसाला रिमूव्हर लावून बाटलीचा गळा पुसायचा, झाकण घट्ट फिरवायचं, बाटली उभी ठेवायची. आडवी ठेवली की रंग गळ्याशी येतो आणि पुन्हा तेच. हे आई गिऱ्हाइकाला एका वाक्यात सांगते : “बाटलीचं तोंड पुसत जा, लेकराचं पुसतो तसं.”

फ्रीजबद्दल विचारणाऱ्या मैत्रिणी बऱ्याच आहेत. थंडीने द्रावण उडायचा वेग कमी होतो हे खरं. पण दमट दिवसात गार बाटली लगेच उघडली की हवेतला ओलावा आत धरतो, आणि ओलावा मिसळला की पापुद्र्यावर पांढुरकी झाक येते. फ्रीजमधून काढलीच तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. शिवाय आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. आईचा आक्षेप वेगळाच आहे : दुधाशेजारी हे नको.

त्या आक्षेपात तथ्य आहे. नायट्रोसेल्युलोजचं खानदान साधं नाही. १८४६मध्ये शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने ते लोकांपुढे आणलं ते स्फोटक म्हणून, गनकॉटन या नावाने. जुन्या सिनेमाची फिल्मही त्याचीच असायची. जानेवारी २००३मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कित्येक जुन्या चित्रपटांची रिळं गेली. बाटलीतलं नेलपॉलिश इतकं भडकू नसतं, पण त्यातल्या एथिल ॲसिटेटची वाफ उणे ४ अंशांनाही ठिणगी मिळाली तर पेटू शकते. म्हणजे परभणीत बारा महिने. नेलपॉलिश लावता लावता कुणी शेजारी उदबत्ती ओवाळली की माझ्या पोटात गोळा येतो.

हे सगळं नुसतं वाचलेलं होतं. २०२०मध्ये ते घरात राहायला आलं.

त्या वर्षी आईने मार्चच्या सुरुवातीला ७० डझन नेलपॉलिश भरलं होतं. निम्मं उधारीवर. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५पासून टाळेबंदी. किराणा आणि मेडिकल उघडी, कटलरी बंद. मी लॅपटॉप घेऊन आठवडाभर आधीच सेलूला आले होते. एप्रिल लागला तशी आई अस्वस्थ झाली. बंद शटर, वर पत्रे, आत ८४० बाटल्या. कुणाला सांगणार? माणसं मरत होती, त्यात नेलपॉलिशचं दुःख बोलून दाखवायची सोय नव्हती. पण उधारी नेलपॉलिशचीच होती.

किराण्याला सूट असायची त्या वेळेत ती आणि भाऊ स्कूटीवरून एकेक पोतं घरी आणायचे. तिचा क्रम ठरलेला होता. आधी नेलपॉलिश, मग लिपस्टिक, मग मेंदीचे कोन. बांगड्यांना तिने हातही लावला नाही. घरात कुठे ठेवायचं यावर दोन दिवस वाद झाला. आईला देवघराच्या कट्ट्याखालची जागा हवी होती, ती खरोखर गार असते. पण वर निरंजन. मी वाफेचं सांगितलं, तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि खोकी उचलली. शेवटी माझ्या पलंगाखाली, शहाबादी फरशीवर, विटकरांच्या दोन रांगा मांडून त्यावर ती रचली. फरशी गार, विटांमुळे कूलरच्या ओलाव्यापासून पुठ्ठा वाचला, आणि वरून चादर लोंबती सोडल्याने अंधार. अंधारही लागतो. लाल-गुलाबी छटा उन्हात विटतात. म्हणून दुकानाच्या शोकेसमध्ये आई आधीच वाळलेल्या बाटल्या ठेवते, गिऱ्हाइकाला रंग बघायला.

मी ज्या कंपनीत आहे तिथे गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनतं. आधी आलेला माल आधी बाहेर जावा, इतकी साधी गोष्ट साधायला आमच्या टीममध्ये नऊ माणसं आहेत. त्या पलंगावर बसून मी त्याच कामाच्या मीटिंगा करत होते आणि खाली आईने प्रत्येक खोक्याच्या कानावर स्केचपेनने महिन्याचा आकडा घातलेला होता.

२६ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. सेलूत एरवी त्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नसते. आई दुपारभर पलंगाशेजारी खाली बसून बाटल्या तपासत होती. तिची पद्धत कानाची आहे. बऱ्याच बाटल्यांत रंग ढवळायला स्टीलच्या बारीक गोळ्या असतात. बाटली उलटी केली की गोळी टक् करून वाजली पाहिजे. उशिरा वाजली तर घट्ट व्हायला लागलंय. वाजलीच नाही तर दोन शक्यता : रंग नुसता तळाला बसलाय, किंवा द्रावण उडालंय. बसलेला रंग तळहातांत बाटली फिरवली की परत मिसळतो. जोरात हलवायची नाही, बुडबुडे धरतात आणि ते नखावर दिसतात. उडालेलं मात्र फिरवून येत नाही.

तिथे लोक रिमूव्हर ओततात. रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं. पॉलिश पातळ होतं खरं, पण मूळ मिश्रणाचा तोल जातो, आणि मग लावलेलं दोन दिवसांत टवके धरून निघतं. हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर त्याहून वाईट. ते फर्निचरसाठी असतं, त्यात टोल्युइन असू शकतं. नेलपॉलिशचं म्हणून मिळणारं थिनर म्हणजे तीच दोन ॲसिटेट, दोन-तीन थेंब पुरतात. आई ते काउंटरखाली ठेवते. वाळलेली बाटली कुणी परत घेऊन आलं की थेंब टाकून, फिरवून देते. पैसे घेत नाही. यावर भावाचं म्हणणं असं की, जुनी जगवली तर नवी कोण घेणार? धंद्याच्या दृष्टीने तो बरोबरच बोलतो.

पण आईची गिऱ्हाइकं कोण आहेत ते बघा. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांतल्या पोरी, ज्यांची बाटली सहा महिने पत्र्याच्या घरात बंद राहते. त्यांना आई सांगते, पेटीत वाकळांच्या घडीत घालून जा. नमाज पढणाऱ्या बायका. वजू करताना पाणी नखापर्यंत पोचायला हवं म्हणून त्या एरवी पॉलिश लावत नाहीत, महिन्यातले ठरावीक दिवसच बाटली उघडते आणि एकच बाटली दोन वर्षं चालवायची असते. शाळेतल्या मुली, ज्यांना रविवारी लावून सोमवारच्या प्रार्थनेआधी काढावं लागतं. माझ्या पुण्याच्या खोलीत अकरा बाटल्या आहेत आणि एक वाळली तर मी बारावी मागवते, दहा मिनिटांत दारात येते. वीस रुपयांची बाटली टिकली पाहिजे ही निकड तिथे नाही.

त्या वर्षीची खोकी दिवाळीला निघाली. ७० डझनांपैकी तीनेक डझन घट्ट झालेली होती, बाकी खपली. लग्नात नाही, पण भाऊबिजेला. उधारी फिटायला मात्र संक्रांत उजाडली. तीन डझनांतल्या काही आईने थेंब टाकून शेजारच्या पोरींना वाटल्या, काही शोकेसमध्ये गेल्या.

आता पत्र्याखाली पीओपीचं छत आहे, दुपारी थोडा फरक पडतो. आईने फेब्रुवारीची खरेदी निम्म्यावर आणली आहे आणि उरलेलं एप्रिलच्या मध्यावर मागवते. ट्रान्सपोर्टचा खर्च जास्त पडतो, पण माल उन्हात कमी दिवस राहतो. मागच्या महिन्यात तिने फोन करून विचारलं, पुण्यात कुठला रंग चाललाय. मी म्हटलं, सगळ्या पोरी मळकट तपकिरी लावतायत. ती म्हणाली, “तसला तर आमच्याकडं वाळल्यावर व्हतो,” आणि चार डझन मरून लिहून घेतला.