पुरुषांच्या पंगतीत

काबूलमध्ये मला पुरुषांच्या पंगतीला बसवलं, ते अजून खुपतं.

२००७ची गोष्ट. शिवणकाम शिकवायला गेले होते. तिथल्या एका सहकाऱ्यानं घरी जेवायला बोलावलं. परदेशी बाई म्हणजे तिथं पुरुषांत जमा. बैठकीत भिंतीलगत तोशक, म्हणजे जाड गाद्या, आणि मधे दस्तरखान अंथरलेला. घरातल्या पोरानं आफताबा नावाच्या झारीतून हातावर पाणी घातलं, खाली लगन म्हणजे तस्त धरलं. मग काबुली पुलाव आला. वर गाजराचे काप नि मनुका, मटण भाताच्या पोटात. यजमान तुकडे उकरून माझ्याच पुढ्यात सारत होते. ‘पुरे’ म्हणायची सोय नाही.

पण हे रांधलं कुणी? दार किलकिलं व्हायचं, मेंदी लावलेला एक हात ताट पुढे करायचा, पोरगा ते घ्यायचा, दार बंद. अर्धी उरलेली ताटं त्याच वाटेनं आत जात होती. आतल्यांचं जेवण तेच, हे लक्षात आलं आणि घास उतरेना. आत जाऊ का, विचारलं. यजमानांना वाटलं, काही कमी पडलं.

आत हसणं-खिदळणं चालू! मला मधे ओढून पहिला प्रश्न, तुलसीचं पुढं काय होतं? ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही तिची मालिका तिथं तोलो वाहिनीवर दरी भाषेत लागायची. मी ती कधी धड पाहिली नव्हती. बिनदिक्कत थापा मारल्या. पुढच्याच वर्षी संस्कृतीच्या नावाखाली हिंदी मालिका बंद करायचा सरकारी हुकूम निघाला.

आता तिथं मुलींची शाळा सहावीला संपते, डिसेंबर २०२२पासून विद्यापीठही बंद. इथले शहाणे म्हणतात, त्यांची परंपराच तशी. कुठली परंपरा? बायकांना दाराआड ठेवणाऱ्या त्याच गृहस्थानं धाकट्या लेकीला वही घेऊन बैठकीत बोलावलं होतं, तिचं अक्षर मला दाखवायला. छाती फुगली होती त्याची. ती वही परंपरेत धरायची नाही का?

तरी मी कुणाला नावं ठेवू? माझ्या आजोळी बायका मागाहूनच जेवायच्या, तेव्हा माझा घास कधी अडला नाही. आणि तसं अगत्य मला पुन्हा कुठं भेटलेलं नाही. कुणाला अफगाण घरी बोलावणं आलं तर रिकाम्या पोटी जा. बैठकीत बसवलं तर भांडू नका. बाई असाल तर आत जायचं मात्र विचारा.